गच्चीवरचा माळ

काल सकाळी कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवर गेले, दाराची कडी काढली, एक पाऊल बाहेर टाकलं आणि शिव्या खाल्ल्या. टिटीव-टिव! टिटीव-टिव! डोक्याच्या जेमतेम हातभर वरून एक सूं करून गेली, तिच्यामागून दुसरी. मी ताट डोक्यावर धरून मटकन खाली बसले. अर्ध्या कुरडया अंगावर. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं, कारण मी तिथे उकिडवी बसून एकटीच हसत होते. आली गं बाई. यंदाही आली.

हा चौथा उन्हाळा, पण ही टिटवी मला ओळख म्हणून देत नाही. दर उन्हाळ्यात ती आमच्या गच्चीवर अंडी घालते, दर उन्हाळ्यात मी तिची उस्तवार करते, आणि तिच्या लेखी मी आपली चोर ती चोरच.

पावसाचं कौतुक सगळ्यांना असतं, थंडीचंही असतं. एप्रिल उतरणीला लागला की जे दिवस येतात त्यांचं कौतुक मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आंबिवलीकडून मोहन्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. या दिवसांत इथे पान हलत नाही. नदी जवळ, त्यामुळे घामही वाळत नाही. दुपारी नळाला येणारं पाणी थेट चहात ओतावं इतकं गरम. समोर बंद कारखान्याची चिमणी उन्हात थरथरत उभी, आणि गच्चीवर पाय ठेवला की चपलेचा तळ कोब्याला चिकटतो. सगळे पंख्याखाली पडून पावसाची तारीख विचारत असतात. मला मात्र या दिवसांत आतून बरं वाटायला लागतं. याचं कारण सांगायला गेलं तर एका पावसाळी गळतीपासून सुरुवात करावी लागते.

टिटवी पहिल्यांदा आली त्या वर्षी मी सोसायटीची सेक्रेटरी होते. झालेली नव्हे, केलेली. मीटिंगला उशिरा गेलेले, आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात हे पद घालायची आमच्याकडे रीतच आहे. दिवसभर माजिवड्याच्या एका शाळेत ऑफिसातली नोकरी, आणि घरी आलं की कुणाची बाइक कुणाच्या बाइकला टेकली ते ऐकायचं. तरी मी ते काम मन लावून केलं, आणि खरं सांगायचं तर त्यात माझा स्वार्थ होता. आमचं घर चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोब्बर खाली. सलग तीन पावसाळे आतल्या खोलीचं छत गळत होतं. पलंग कधी भिंतीला, कधी खिडकीशी, कधी थेट दारात. बादली, टोप, घमेलं मांडून आम्ही नवरा-बायको त्यातून लंगडी घातल्यासारखे चालायचो. मी ठरवूनच टाकलेलं, की गच्चीचं वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही. कोरड्या खोलीत एक पावसाळा झोपायचं, एवढीच माझी मागणी होती.

कंत्राटदार मिळाला. फेब्रुवारीत त्याची माणसं आली, अर्ध्या गच्चीचा जुना कोबा फोडला, खडी आणि विटांचे तुकडे पसरले आणि गडप झाली. फोन केला की, "मॅडम, दुसऱ्या साइटवर अडकलोय. मे महिन्यात एका दमात उडवतो, पावसाच्या आत." ती उघडी, भकास, खडीनं भरलेली अर्धी गच्ची बघितली की माझं डोकं उठायचं.

आणि त्याच मार्चमध्ये आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. माणदेशातलं आमचं गाव. बाजरी, मटकी आणि मेंढरं, याच्या पुढे तिथे काही नाही, आणि बाजरीसुद्धा पावसाच्या लहरीवर. चहूकडे नुसता माळ. दगड, कुसळी गवत आणि वारा. सासूबाई गेल्यापासून आबा तिथे एकटेच राहत. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ह्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. ऑपरेशन झकास झालं. डोळे लख्ख झाले, पण बघायचं काय? गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. समोर दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी. "त्यो गडी रोज तीच चड्डी वाळत घालतोय," एवढं एकदा म्हणाले. बाकी दर दोन दिवसांनी एकच प्रश्न, "गाडी कवाची हाय?" मी म्हणायचे, "पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणालेत डॉक्टर." डॉक्टर असलं काहीही म्हणालेले नव्हते.

अंडी मला सापडली असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे मी त्यांच्यावर पाय देणार होते. असंच वाळवण घेऊन वर गेलेले. एक पक्षी डोक्यावरून किंचाळत फिरत होता आणि दुसरा समोर पंख ओढत, लंगडत चाललेला. काळी टोपी, डोळ्यांपुढे लाल कातडीचा तुकडा, काड्यांसारखे पिवळे पाय. अरेरे, पंख मोडला बिचारीचा, म्हणून मी तिच्यामागे दोन पावलं गेले आणि जिन्यात तोंड घालून हाक मारली, "आबा, लवकर या, पक्षी जखमी झालाय!"

आबा आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "हलू नगंस. पाय हाय तितंच ठिव."

मी थिजले. "काय झालं?"

"ती लंगडी-बिंगडी काय न्हाय. सोंग हाय त्ये. तुला तिकडं न्यायचंय तिला. तुझ्या डाव्या चपलंच्या म्होरं बग."

बघितलं. खडी होती. पुन्हा बघितलं, पुन्हा खडीच. मग एकदम त्या खडीतल्या चार खड्यांना आकार आला. मातकट, काळे डाग, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली चार अंडी, माझ्या अंगठ्यापासून वितीवर. ना काडी, ना गवत. चार खडे बाजूला सारून केलेली एक उथळ वाटी, बस्स. मी इतकी वर्षं चष्मा लावते, मला दिसलं नाही. आणि महिनाभरापूर्वी ऑपरेशन झालेल्या माणसाला दारातून दिसलं.

"टिटवी हाय," आबा म्हणाले. आवाज असा, की गावाकडचं कुणी भेटायला आलंय.

त्या दिवसापासून आबांची खुर्ची गॅलरीतून उठली ती गच्चीवर टाकीच्या सावलीत गेली. मी शाळेतून आले की चहा घेऊन वर जायचे आणि ते मला दिवसभराची बातमी द्यायचे. ही झाडावर कधीच बसत नाही. मागचं बोट नावापुरतं, फांदी धरता येत नाही. सगळा जन्म जमिनीवर, चालत, पळत. ऐन उन्हात ती अंड्यांवर बसत नाही, नुसती उभी राहते, अंगाची सावली पाडत. दोघं पाळीपाळीनं येतात. घर बांधायची भानगड नाही, कारण घर लपवायचं असेल तर ते नसलेलंच बरं, असा त्यांचा हिशेब असावा. खाली मी एका छताच्या मागे लागून सगळ्या बिल्डिंगशी भांडत होते, आणि त्याच छताच्या वरच्या अंगाला ही बाई चार खड्यांवर संसार मांडून बसलेली. मला तिचा हेवा वाटायचा.

एकदा जिना उतरताना आबा तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकांशी बोलत थांबले. ही जमीन मूळची म्हात्रेकाकांच्या घरची. बिल्डिंग झाली तेव्हा त्यांनी तळमजला घेतला आणि शेजारचा एक तुकडा मोकळा ठेवला. आबांनी त्यांना गावाकडची गोष्ट सांगितली. आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस बघतात. ओढ्याच्या पात्रात घातली तर पाऊस गेला. बांधावर घातली तर बरा होणार. उंचावर घातली तर धो धो. अंडी चार म्हणजे चारही महिने.

आबा सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "टिटवीने चौथ्या मजल्याच्या वर अंडी घातली आहेत. यंदा पाणी किती चढेल याचा सर्वांनी विचार करावा." झालं! पहिल्या मजल्यावरून फोन, "मॅडम, बाइक कुठे न्यायच्या?" दुसऱ्या मजल्याचं म्हणणं, आपण तरी सेफ आहोत ना? म्हात्रेकाकांनी काही विचारलं नाही. त्यांच्या ओट्याला नदीचं पाणी लागलेलं त्यांनी स्वतः बघितलेलं. मी शाळेतून येते तर त्यांचा फ्रिज आठ विटांवर चढलेला.

"काका, अहो, असं कुठे असतं का?"

"मॅडम, ईथं सगला मालच व्हता. ही टिटवी तव्हापासनची. तिला म्हाईत नय तं कोनाला म्हाईत?" मग थोडं थांबून, "आपुनच भारोत्री. ती नय."

माळ तिचा; भाडोत्री आपण, ती नव्हे. वर जाऊन आबांना फ्रिजची गोष्ट सांगितली. आबा इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांना लावलेलं औषध वाहून गेलं. आमच्याकडे आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. पुसत पुसत म्हणाले, "अगं, पावसाचं कुठलं! खाली कुत्री हायत म्हणून वर आली ती." आणि हे म्हात्र्यांना सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

पखुर्डीची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. पखुर्डी म्हणजे त्यांच्या माळावरचा पक्षी. पारव्याएवढी, मातीच्या रंगाची, अशी की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. तीही जमिनीवरच अंडी घालते, जिथे कोसभर पाणी नाही अशा जागी. पिल्लं उडू शकत नाहीत, मग त्यांनी प्यायचं काय? तर नर उन्हं वर आली की तळ्यावर जातो आणि पाण्यात पोट बुडवून बसतो. पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. तसाच ओला उडत येतो, उभा राहतो, आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखतात. "मी मेंढरामागं असायचो तवा वाटायचं, आंघूळ करतोय गडी. मग एकदा माग काढत ग्येलो तर पिल्लं पीत हुती."

"काहीही, आबा!" मी म्हटलं.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

आता माझ्या पराक्रमाची गोष्ट. पाणी वाया घालवणारा माणूस मला सहन होत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी, आणि गच्चीवरच्या टाकीचा बॉल-कॉक बिघडलेला. ओव्हरफ्लोच्या पाइपातून सारखी धार. खडीच्या कडेला परातीएवढं डबकं साचायचं. मी प्लंबरच्या मागे लागून, त्याच्या डोक्यावर उभी राहून नवा बॉल-कॉक बसवला आणि ग्रुपवर टाकलं, "गळती कायमची बंद." अंगठ्यांचा पाऊस पडला. मी दोन दिवस फुगून होते.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आबा खाली आले. मी त्यांना कधी आवाज चढवलेलं ऐकलं नव्हतं.

"कुण्या शहाण्यानं पाणी बंद क्येलं?"

"मी," मी म्हटलं. अजूनही कौतुकाच्या अपेक्षेत.

"वर चल."

वर ऊन असं की डोळे उघडेनात. टिटवी अंड्यांवर उभी होती. चोच उघडी, पंख सैल सोडलेले, गळा धपापत होता. दुसरी टाकीच्या कोरड्या पाइपाशी जाऊन उभी राहायची, परत यायची, पुन्हा जायची.

"त्या डबक्यात प्वाट भिजवून यायची आणि अंड्यावर बसायची. गारवा द्यायला. दोगंबी. मी रोज बगतोय." आबांचा आवाज आता खाली आलेला, आणि तो जास्त लागला. "तिचं तळं आटवलंस की गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत खाली आले, हाताला लागलं ते स्टीलचं ताट घेतलं. आबांनी ते बाजूला सारलं आणि मांडणीवरून सासूबाईंची पितळी परात काढली. गावाहून सासूबाईंची म्हणून मी तेवढी एकच वस्तू आणलेली, भाकरीचं पीठ मळायची. ती परात आबांनी वर नेऊन पाण्यानं भरली. टिटवी काही येईना. पितळ उन्हात झळकत होतं. आबांनी मग तिच्यात मूठमूठ खडी टाकली, कुंडीतली माती टाकली, पाणी मुद्दाम काठावरून सांडू दिलं, आणि आम्ही दोघं टाकीमागे जाऊन बसलो. माझं जेवण व्हायचं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दोघांतली एक चालत आली. थांबली. पुन्हा दोन पावलं. परातीच्या काठावर चढली, पाण्यात उतरली, आणि पाय दुमडून तिनं पोट पाण्यात टेकवलं. हलवलं. पुन्हा टेकवलं. मग ठिबकत्या पोटानं तुरुतुरु चालत अंड्यांकडे गेली. उभी होती ती बाजूला झाली, आणि ओली हळूच खाली बसली.

माझ्या डोळ्यांना धार लागली. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "काहीही. न्हवं का?"

त्यानंतर आठवड्याभरात कंत्राटदाराचा फोन आला. सोमवारी येतोय, आठ दिवसांत काम संपवतो. तेव्हा नाही जमलं तर एकदम दिवाळीनंतर. अंडी फुटायला अजून दहा-बारा दिवस होते, आबांच्या हिशेबानं. ह्यांनी सरळ उपाय काढला, "चार अंडी तर आहेत, उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवू." आबा म्हणाले, "जागा हलली की ती टाकून जाती." एवढंच. मग आत गेले आणि पिशवीत कपडे भरायला लागले.

"हे काय, आबा?"

"तुझं काम तू कर. तुझ्या घरात पाणी येतंय, तुझं काय चुकलं न्हाय. पर मला त्ये बगायला लावू नगंस."

भांडले असते तर बरं झालं असतं. तुझं चुकलं नाही म्हणाले, आणि मी रविवारभर नुसती फिरत राहिले. छताकडे बघायचे, तीन पावसाळ्यांचे डाग, एकात एक. मग वर जाऊन तिच्याकडे बघायचे. मी वाईट बाई नाही हो. मला एक कोरडी खोली हवी होती.

सोमवारी मिस्त्री आला. मी त्याला गच्चीवर नेलं, अंडी दाखवली. तोही आधी पाय देणारच होता. म्हटलं, "एवढा तुकडा सोडून बाकीची गच्ची करता येईल?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "सोडता येईल मॅडम, चारी बाजूंनी विटांची पाळ करू. पण मग पाणी तिथूनच उतरणार. पुढे जोड दिला तरी तो जोड तो जोडच. खाली कुणाची खोली येते?"

मी कठड्यापासून पावलं मोजली. दोनदा मोजली.

"माझीच," मी म्हटलं. "सोडा."

मागे वळले तर आबा दारात उभे. संध्याकाळी बघितलं तर पिशवीतले कपडे परत खुंटीवर होते.

त्या आठ दिवसांत मिस्त्रीनं डोक्यावर उलटं घमेलं घालून काम केलं, कारण टिटव्यांनी त्याला क्षणाची उसंत दिली नाही. "ही तर तुमच्यापेक्षा कडक सेक्रेटरी आहे मॅडम," म्हणाला. काम संपल्यावर गच्चीभर पाणी कोंडून ठेवलं, कुठे झिरपतंय का बघायला. मधोमध विटांच्या पाळीआड तो खडीचा गोल तुकडा कोरडा, आणि भोवती पाणीच पाणी. आबांनी परात उचलली, पुसली. "आता तिला तिचं तळं मिळालं," म्हणाले. दोन्ही टिटव्या दिवसभर त्या पाण्यात पोट भिजवत होत्या.

पाणी सोडून दिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. तीन. चौथं अंडं तसंच राहिलं. सकाळी ओली, दुपारी वाळून कापसासारखी, आणि संध्याकाळपर्यंत लांब पायांवर पळायला लागलेली. आईनं एक हाक दिली की जागच्या जागी चपटी, की झाली खडी. पण आता गच्चीवर खायला किडा-मुंगी नाही आणि त्यांना उडता येत नाही. खाली म्हात्रेकाकांचा मोकळा तुकडा, त्याच्यामागे नदीकाठचं गवत. म्हटलं, टोपलीत घालून जिन्यानं नेते. आबा म्हणाले, "जिन्यात शिरलीस की आईला दिसायची न्हाईत. तिच्या डोळ्यांम्होरनं न्यायला पायजेत."

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत प्रत्येक गॅलरीला एक दोरी असते आणि तिला एक टोपली. दूध, भाजी, विसरलेल्या चाव्या, सगळं तिच्यातून वर-खाली. आमच्या टोपलीतली कोथिंबिरीची देठं झटकली, तळाला फडकं घातलं, आणि तीन पिल्लं तिच्यात बसली. आबांनी कठड्यावरून दोरी सोडायला घेतली. हातभर, थांबून, हातभर. दोन्ही टिटव्या टोपलीभोवती घिरट्या घालत, बोंबलत बरोबर उतरायला लागल्या. प्रत्येक मजल्यावर गॅलरीत माणसं. तिसऱ्या मजल्यावरून कुणी तरी ओरडलं, "आजोबा, सावकाश!" दुसऱ्या मजल्यावर टोपली ग्रिलला अडकली, तिथल्या काकूंनी पोळ्या लाटता लाटता लाटण्यानं ती हलकेच सोडवली. खाली म्हात्रेकाका डोक्यावर छत्री धरून उभे, त्यांचा कुत्रा घरात कोंडलेला, दारामागून त्याचं वेगळंच भुंकणं. काकांनी टोपली कलती केली. तीन कापसाचे गोळे बाहेर पडले, पळाले, आणि आईच्या हाकेसरशी दिसेनासे झाले. तिथेच होते, पण दिसत नव्हते.

आबांच्या तळहातांना दोरीचे वळ उठलेले. मी हळद लावायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बरं वाटतंय."

पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला. पाणी म्हात्रेकाकांच्या ओट्याजवळही आलं नाही. फ्रिज मात्र आजही विटांवर आहे. "खालना झारू माराला बरा परतंय," असं काका म्हणतात, आणि सत्य काय ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

आमचं छत गळलं. तीन पावसाळे सगळीकडून गळायचं ते आता एकाच जागी, बरोब्बर त्या तुकड्याखाली. तिथे मी सासूबाईंची परात ठेवली, कारण बाकी कुठलंच भांडं तेवढं मोठं नव्हतं. आबा तोवर पेरणीला गावी गेलेले. जुलैत त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, "पडतंय का?" त्यांच्या गावात जन्मभर एकमेकांना विचारायचा हाच एक प्रश्न. मी म्हटलं, "पडतंय, आबा. परातीत." पलीकडे ते समाधानानं हुंकारले. दरवर्षी अंडी फुटून गेली की त्या खडीवर ताडपत्री टाकू म्हणते, आणि दरवर्षी राहून जाते. टिपटिप नसली तर आता मला खोली ओळखीची वाटत नाही.

पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत आबा न बोलावता आले. यंदा नाही. गुडघे. गेल्या वर्षी चार मजले चढायला अर्धा तास लागलेला. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी खुर्ची आणून दिली. जाताना म्हणाले, "आता पुन्यांदा ह्यो जिना न्हाय." आबा बोलतात तसंच करतात.

काल कुरडया वेचून खाली आले, तर नव्या सेक्रेटरीचा फोन. पोरगं चांगलं आहे, कामाचं आहे. "काकी, मिस्त्री शनिवारी येतोय. तुमच्यावरचा तो पॅच पण करून टाकू? आता आजोबा पण नाहीयेत ना."

"नाहीयेत काय, नाहीयेत काय!" मी अशी कडाडले की आमचे हे आतून बाहेर आले. "चांगले ठणठणीत आहेत गावाला! आणि त्या तुकड्याला हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

मग परात घेतली आणि पुन्हा वर गेले. खडी टाकली, माती टाकली, पाणी काठावरून सांडू दिलं. टिटवीनं पुन्हा डोक्यावरून शिव्या दिल्या. मी आबांना फोन लावला आणि फोन वर, तिच्या दिशेनं धरला. थोड्या वेळानं कानाला लावला.

"किती हायत?" आबांनी विचारलं.

"चार."

"परात ठिवलीस?"

"आत्ताच."

"आपलीच?"

"आपलीच. दुसरी कुठली असणार?"

पलीकडून माळावरचा वारा ऐकू येत होता. मग आबा म्हणाले, "तिला म्हणावं, पावसाच्या आत आटप. परात खाली घरात लागती."

"सांगते," मी म्हटलं, आणि फोन पुन्हा वर धरला. ती ओरडत होती, आबा ऐकत होते, आणि हात भरून येईपर्यंत मी तशीच उन्हात उभी राहिले.